हाताचा रोग, पायाचा रोग, डोक्याचा रोग

मी तिसरीपर्यंत शिकलो. पण मला कोणी शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं, हे आधीच सांगतो.

आमच्या घरातली तीन माणसं हाल होऊन गेली. बापाचे हात थरथरायचे. घास तोंडापर्यंत जाईस्तोवर कालवण सगळं सदऱ्यावर. थोरल्या भावाचे आधी पाय वाळले, मग हात, मग जीभ. बहिणीचं डोकं गेलं. शहापूरच्या बाजारात उभी राहून ती पोटच्या लेकाला विचारायची, तू कोणाचा रे? बापाचा आमी हाताचा रोग म्हटला, भावाचा पायाचा, बहिणीचा डोक्याचा. भगत तीन केले, डॉक्टरही तीन. एकाला दुसऱ्याचं कधी सांगितलं नाय. हाताच्या डॉक्टरला डोक्याचं कशाला सांगायचं?

लेकीचं जमवायला टोकावड्याची माणसं म्हशाच्या जत्रेत भेटली. तिथं बैल घेताना खोड विचारतात, तशी सोयरीक करतानाही विचारतात. मुलाच्या चुलत्यानं विचारलं, घराण्यात काय आजार? मी छाती काढून सांगितलं, आमच्यात घराण्याचा रोग नाय. तेव्हा मी खोटं बोललो नव्हतो. एकही रोग दोनदा आला नव्हता, मग घराण्याचा कसा?

लेक आता चाळिशीची आहे. गेल्या भातलावणीत तिच्या हातातून आवणाच्या, रोपांच्या मुठी गळायला लागल्या. मग बोलणं जड झालं. जावई तिला ठाण्याला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. मी हट्टानं सोबत गेलो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, माहेरी कोणाला असं काही होतं का? लेकीनं माझ्याकडं पाहिलं. तिनं काकाला वाळताना पाहिलेलं. जावई शेजारीच बसलेला. मी म्हणालो, कोणालाच नाय. हे मात्र खोटं होतं, आणि मला ते माहीत होतं.

तीन महिने तपासण्या चालल्या. पुढच्या खेपेला ती आधार धरून चालत आली. बाईंनी पुन्हा विचारलं, पण या वेळी वेगळं. कोणाचे हात थरथरायचे? कोणाला विसर पडायचा? म्हणाल्या, या रोगांची नावं वेगळी, पण काही घराण्यांत रक्तातला दोष एकच असतो. एकाला हातात निघतो, एकाला डोक्यात. आवण उपटताना एक रोप ओढलं की शेजारची चार मुळासकट वर येतात, तसं माझ्या मनात बाप, भाऊ, बहीण एकदम वर आले.

लेक जड जिभेनं म्हणाली, "सांग, बाबा."

मी सांगितलं. तिघांचंही. बाई लिहीत गेल्या. माझं रक्तही घेतलं. मी विचारलं, आता औषध सापडेल? त्या म्हणाल्या, रोग थांबवेल असं औषध सध्या तरी हातात नाय. दोष रक्तात सापडेलच असंही नाय, पण सापडला तर तिची मुलं मोठी झाल्यावर त्यांना स्वतःची तपासणी करायची का, याचा विचार करता येईल.

बाहेर बाकावर जावई हळूच बोलला. "मामा, म्हशाला आमी तुमाला विचारलं व्हतं."

"तवा मला तीन वेगळे रोग वाटले."

"आणि गेल्या खेपेला?"

लेक आमच्या मधे बसलेली, मान खाली. जावयानं तिला उठवलं, चपला घातल्या, हात धरला. जाताना मला एवढंच सांगितलं की नातवंडांना हे तुमी सांगायचं नाय, मी सांगेन. तेवढ्यावरही मी हट्ट केला नाय. आयुष्यात पहिल्यांदा.

आता रोज फोन करतो. फोन जावई उचलतो. ती झोपली आहे, म्हणतो. मग मी विचारतो, जेवली का, आणि तो म्हणतो, भरवलं. मी आणखी काय विचारायच्या आत तो फोन ठेवतो.