सहाव्या पायावरचा केस

समुद्र मी आयुष्यात चार वेळा पाहिला आहे, आणि चारही वेळा मागून नवरा "पुढे जाऊ नकोस" म्हणत होता. तरीही समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या एका प्राण्याच्या अंगावर कुठे काय आहे, हे जगाला सगळ्यात आधी मी सांगणार होते, तेही अमरावतीत बसून. आमच्याकडे नळाला एक दिवसाआड पाणी येतं, त्यामुळे ही बातमी ऐकून कॉलनीतले लोक बराच काळ हसत होते.

यात दोष अमरावतीजवळच्या भातकुलीचा आहे. तो सगळा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. पण त्या विहिरींच्या तळाशी, अंधारात, तांदळाच्या कणीएवढे आंधळे कवचधारी प्राणी राहतात, झिंग्याचे दूरचे चुलत भाऊ म्हणा. माझी पीएचडी त्यांच्यावर. मी दोरीला जाळी बांधून विहिरीत सोडायचे आणि शेतकरी काठावर बसून गंमत बघायचे. एकदा एकजण म्हणाला होता, "मॅडम, झिंगे मोठे निंघाले तं सांगजा. पाणी तं कोणी घेत नाही आमचं, झिंगे विकू."

तर नागपूरच्या एका परिषदेत चहाच्या वेळी किनाऱ्यावरच्या एका संस्थेतले शास्त्रज्ञ मला भेटले. आमची जुनी पत्रापत्री होती; मी त्यांना सर म्हणते. त्यांनी खिशातून काचेची कुपी काढली. आत स्पिरिटमध्ये भुईमुगाच्या दाण्याएवढा, पांढुरका, बाकदार प्राणी. तीन किलोमीटर खोल सोडलेल्या सापळ्यात, माशाच्या आमिषाला आलेला. "तुमचे विहिरीतले अंधारात वाढलेले, हाही अंधारात वाढलेला. बघा ओळख लागते का," ते म्हणाले. "नवी जात निघाली तर वर्णन तुमच्या नावावर. पण नमुना हा एकच आहे, आणि दिवाळीची सुट्टी संपली की परत हवा."

मला काय झालं ते सांगते. सव्वीस वर्षं मी वर्गात दुसऱ्यांनी शोधलेल्या प्राण्यांची चित्रं फळ्यावर काढत आले होते. विहिरीतले माझे प्राणी दर वेळी कोणीतरी आधीच नोंदवलेले निघायचे. निवृत्तीला थोडी वर्षं उरली होती. मला एक जात हवी होती, माझी, एकच. मी कुपी पर्समध्ये टाकली आणि परतीच्या गाडीत पर्स मांडीवरून खाली ठेवली नाही. शेजारच्या बाईंना वाटलं, मी दागिने घेऊन चालले आहे. मीही त्यांना तसं वाटू दिलं.

अशा प्राण्याचं वर्णन करणं म्हणजे त्याला नीट मोडणं. तोही उजव्या बाजूनेच मोडायचा. डावी बाजू जशीच्या तशी ठेवायची, म्हणजे पुढच्या माणसाला आपली चूक पकडता येते. बारीक सुईनं एकेक अवयव सोडवायचा, ग्लिसरीनच्या थेंबात काचेवर ठेवायचा आणि सूक्ष्मदर्शकातून बघत कागदावर उतरवायचा. त्यासाठी भिंगाला एक आरसा बसवलेला असतो. त्यातून अवयव आणि आपल्या पेन्सिलीचं टोक एकाच वेळी दिसतं. माझा गडी दोन्ही कुशींनी दाबल्यासारखा चपटा होता. पाठीवर दुकानाच्या शटरसारख्या, एकमेकींत सरकणाऱ्या कवचाच्या पट्ट्या. डोळ्यांच्या जागी काहीच नाही. मिशांच्या दोन जोड्या, त्यातली पुढची आखूड आणि जाड. पायांच्या सात जोड्या. पहिल्या दोन खाणं धरायला, बाकीच्या चालायला. जबड्याची धार बघितल्यावर तर मला त्या आमिषाच्या माशाची दया आली.

इतकं सगळं ओळखीचंच होतं. त्याच्या भाऊबंदांची वर्णनं मी पुन्हा पुन्हा वाचली. हा वेगळा कुठे आहे, ते सापडत नव्हतं. त्यातच शेजाऱ्यांनी दुसरा मजला चढवायला घेतला. त्यांच्या घणाबरोबर माझं टेबल हलायचं आणि गुळगुळीत मिशीला माझ्या कागदावर करवतीचे दात यायचे. दिवाळी झाली तशी मी सूक्ष्मदर्शक, कुपी आणि कागद घेऊन अकोल्याला मामांकडे गेले. नवऱ्याला सांगितलं, माहेरपणाला चालले. तो म्हणाला, "प्राण्याला फराळाचं दे."

मामा कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. चिमूटभर रुई दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायची, धाग्याची लांबी आणि रुईतला कचरा डोळ्यांनी बघायचा आणि ग्रेड सांगायचा, हे त्यांनी जन्मभर केलं. मधली काही वर्षं ते तपासणीच्या प्रयोगशाळेतही होते. लहानपणी सुट्टीत त्यांच्या टेबलावर नमुन्यांच्या पुड्या मांडलेल्या असत, प्रत्येकीवर चिठ्ठी. मी चिठ्ठ्यांची अदलाबदल करायचे. ते यायचे, पुड्या चिमटीनं चाचपायचे आणि चिठ्ठ्या पुन्हा जागच्या जागी लावायचे. एकदाही चुकले नाहीत आणि एकदाही रागावले नाहीत. मला ते फार लागायचं. मी त्यांना म्हणायचे, "तुमी अंदाजानं सांगता." ते म्हणायचे, "हो, अंदाजच आहे."

आता ते ऐंशीच्या पुढे होते. मी माडीवरच्या खोलीत बस्तान मांडलं. मामींनी कुपी उजेडात धरली आणि सगळे विचारतात तेच विचारलं, "खातेत का हे?" मामांनी तर बघायलाच नकार दिला. "मले समुद्रातलं काय समजते. तू कर तुयं काम."

दोन दिवसांत मी उजव्या बाजूचे सातही पाय सोडवले. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांतला सहावा काचेवर घेतला आणि बघतच राहिले. पायाच्या शेवटच्या पेरापासून एक लांब केस निघालेला होता. पायापेक्षा लांब, चपटा, फितीसारखा, जागोजागी पीळ पडलेला. या कुळात असा केस कोणीही वर्णिलेला नव्हता. मी काच पुन्हा पुन्हा सरकवून बघितली; या वेळी शेजाऱ्यांचा घण नव्हता. केसाचा एकेक पीळ मी निष्ठेनं उतरवला. तो पाण्यात कसा हलवला जात असेल, गाळातला वास टिपायला त्याचा कसा उपयोग होत असेल, यावर अर्धं पानही लिहून टाकलं. मग सरांना फोटो पाठवला. त्यांचं लगेच उत्तर आलं: विलक्षण, पण डाव्या पायावर आहे का?

डाव्या पायावर नव्हता. मी बघितलं होतं. मी लिहिलं, "सापळ्यात तुटला असावा." असं लिहिताना माझा चेहरा, वर्गात खोटी सबब सांगणाऱ्या मुलांचा असतो, तसाच झाला असणार.

संध्याकाळी मामींनी माझ्या जातीच्या नावानं सांभारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, तळली. घरातल्यांना मी एकेक करून भिंगापाशी बसवलं. मामींना फक्त स्वतःच्या पापण्या दिसल्या, पण त्या छान म्हणाल्या. शेवटी मामाही जिना चढून आले. त्यांनी चष्मा काढला, डोळा लावला आणि भिंगाचं चाक हळूहळू फिरवत राहिले.

"दिसून राहिलं का, मामा?"

"दिसून राहिलं." त्यांनी चाक अजून थोडं फिरवलं. "बाई, हा कापूस काहून ठेवला इथी?"

"कापूस नाही जी तो. त्याचाच केस आहे."

"असं." त्यांनी डोळा काढला नाही. "मंग तुया जनावरानं समुद्रात कपाशी पेरली असन."

"मामा, तीन किलोमीटर पाण्याखालून आणला त्याले."

"आणला तिथून. पण उघडला कुठी? माया घरात. अन् माया घरामांगं काय आहे?"

घरामागे जिनिंग होतं, कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. हंगाम सुरू झालेला, खिडकी उघडी, खिडकीच्या जाळीवर रुईचा थर. मी इतके दिवस तो थर रोज बघत होते आणि रोज बोटानं पुसत होते. मामांनी आपल्या बाहीवरून एक तंतू उचलला, माझ्या हातावर ठेवला आणि वडी खायला खाली निघून गेले. मी तो तंतू ग्लिसरीनच्या थेंबात ठेवून बघितला. चपटा, फितीसारखा, जागोजागी पीळ पडलेला.

मला मामांचा राग आला. खरं सांगायचं तर चाळीस वर्षांपूर्वीच्या चिठ्ठ्यांचा सगळा राग त्या दिवशी पुन्हा आला. माझी जात गेली होती. उरला होता एक चपटा, आंधळा, आधीच कोणीतरी वर्णिलेला प्राणी. आणि मी कापसाच्या तालुक्यांत जन्म काढलेली बाई, कापूस ओळखू शकले नव्हते. जेवताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती: सरांना सांगायचं, पाय काचेवर फिरवताना तो केस तुटून हरवला. फोटो तर होताच. पुरावा हरवला म्हणून कोणी फाशी देत नाही.

सकाळी चहाच्या वेळी मामांनी विचारलं, "बाई, तू पाय किती सुटे केले?"

"सात."

"मंग कापूस एकाच पायाले काहून? बाकी सहा काहून सोडले त्यानं?"

मी म्हटलं, योगायोग. माझा सूर चांगला नव्हता.

"रुई उडते, बसते, फुंकर मारली का जाते," मामा म्हणाले. "पण वाळल्या बोंडाच्या टोकाले लागली का निंघत नाही. कापूस वेचते तिले विचार. नखं सोलून निंघतेत. तथी काही टोकदार असन, पाह्य."

चहा अर्धा टाकून मी वर गेले. सुईच्या टोकानं तंतू ओढला, तो येईना. पुन्हा ओढला तसा पाय फिरला आणि ज्याला मी केसाचं मूळ समजून बसले होते, ते कुशीवरून दिसलं. मागे वळलेला एक आकडा. पेराच्या आतल्या कडेला, बारीक, पण चांगला धारदार. तंतू त्यातच अडकला होता. भाऊबंदांच्या वर्णनांत या जागी सरळ कड होती, सगळ्यांच्या.

मग मी डावी बाजू बघितली, जी मी हात न लावता राखून ठेवली होती, म्हणजे पुढच्या माणसाला चूक पकडता यावी. सहाव्या पायाला तिथेही तसाच आकडा होता. काल मी त्या पायावर केस शोधला, केस नाही म्हणून पुढे गेले, आणि आकडा माझ्याकडे बघत बसला होता. मला हसू आलं आणि रडूही आलं. मामी खालून विचारत होत्या, चहा पुन्हा टाकू का म्हणून, आणि मी तोवर डाव्या आकड्याचं चित्र काढायला बसले होते.

सरांना मी सगळं खरं लिहिलं. कापूस, जिनिंग, मामा, बोंड. आधी लिहिलेली सबबही कबूल केली. दिवसभर उत्तर नाही. मी आकड्याची चित्रं काढत राहिले, दोन्ही पायांची, चारही बाजूंनी. संध्याकाळी त्यांचा निरोप आला: आकडा नवाच आहे, जात नवी आहे, आणि पुढच्या वेळी कृपा करून खिडकी लावून घ्या.

लेख छापून यायला पुढची दिवाळी उजाडली. एक प्रत घेऊन मी अकोल्याला गेले आणि मामांपुढे चित्रांचं पान उघडलं. त्यांनी चष्मा काढून, पान डोळ्यांजवळ धरून पाय मोजले. सहाव्यावर थांबले.

"कापूस कुठी गेला?"

"मामा, तो त्याचा नव्हता ना."

"नव्हता. पण त्याच्यानंच सापडलं ना तुले."

मी पेन्सिल घेतली आणि त्यांच्या प्रतीतल्या सहाव्या पायाच्या आकड्यात एक तंतू काढला, पिळासकट. जगातल्या सगळ्या प्रतींत हा प्राणी बोडका आहे, फक्त त्या एका प्रतीत त्याच्या पायाला अकोल्याचा कापूस आहे.

मामांनी तो नीट तपासला. "पीळ कमी काढले बाई. हा तं जुना देशी वाटून राहिला." मी खोडून पुन्हा काढला. मग त्यांनी माझ्या हातातून पेन्सिल घेतली आणि नमुन्याच्या चिठ्ठीवर लिहायचे तसा, पानाच्या कोपऱ्यात माझ्या जन्मभराच्या कामाचा ग्रेड लिहिला. दुसरा.

"पहिला काहून नाही?" मी विचारलं.

"कचरा होता ना त्यात," मामा म्हणाले, आणि चिठ्ठ्या बदलणाऱ्या मुलीकडे चाळीस वर्षांनी पहिल्यांदा बघून हसले.