ओट्यावर बसलेला उमेदवार

शिंदखेड्याकडच्या एका खेड्यात मी मास्तर असताना लोकल बोर्डाची निवडणूक आली. एके दिवशी एक उमेदवार चावडीवर आले. उंच, उन्हानं रापलेले बडे शेतकरी. बोलण्याआधी पागोटं काढून मांडीवर ठेवायची त्यांची सवय होती.

आधीचे उमेदवार रस्त्याचं वचन देऊन गेले होते. हे मात्र शाळेवरच बोलले. महारवाड्यातली मुलं बाहेर ओट्यावर बसून खिडकीतून धडा ऐकतात, हे त्यांनी येताना पाहिलं होतं.

पाटील म्हणाले, "आबा, ती गोष्ट सोडी द्या. गावनं बठ्ठं मत तुमनंच शे."

ते पागोट्यावरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "मत नही दिधं तरी चालई. पन त्या पोरेसले मजार, वर्गमा बसाडा."

निवडणुकीत ते पडले. आमच्या गावानं त्यांना मत दिलंच नाही.

निकालानंतर ते एकटेच पुन्हा आले आणि ओट्यावर त्या मुलांना खेटून बसले. एवढा मोठा माणूस उन्हात बसलेला पाहून पाटील धावत आले.

"आबा, मजार या."

"या पोरं येतीन, तवय मी बी येसू."

दुपारपर्यंत ते मुलांबरोबर पाढे म्हणत राहिले. गाव जमून बघत होता. शेवटी पाटील खाली मान घालून मला म्हणाले, "मास्तर, घ्या मजार." मुलं बुजत आत आली. त्यांच्यामागून ते आले आणि मागच्या भिंतीशी मांडी घालून बसले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. मुलं मात्र ओट्यावर न थांबता सरळ आत आली.