परत आलेलं पुस्तक

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशीही नाही — आणि ते पुस्तक तर त्याच्याच कपाटात आहे, स्वेटरांच्या खाली.

प्रताप नगरातल्या एका शाळेत मी बावीस वर्षं ग्रंथपाल होते. मुली मला टरकून असायच्या. एका कार्डावर एक पुस्तक, सात दिवस. हरवलं तर कार्ड वर्षभर बंद. नियम म्हणजे नियम — हे मी इतक्यांदा म्हटलंय, की आता दुसऱ्या कुणाच्या तोंडून मला ते ऐकवत नाही.

नऊ वर्षं झाली असतील. आठवीत पल्लवी नावाची मुलगी होती. कुहीजवळच्या खेड्यातली, इथे मामाकडे राहून शिकायची. दर शनिवारी पुस्तक बदलायची, आणि नेलेलं खरंच वाचायची — अशा किती असतात हो? एका शनिवारी तिने ताऱ्यांवरचं जाडजूड पुस्तक परत आणलं. मधल्या सुट्टीची झुंबड होती. माझ्या मुलाला प्रोजेक्टला कामी येईल म्हणून मी ते सरळ पिशवीत टाकलं, आणि तिच्या कार्डावर परतीचा शिक्का मारायचा राहिला. आम्हा शाळेतल्या लोकांची जुनी खोड ही. मुलींना नोंद, आम्हाला पिशवी.

पुढे मुदत संपलेल्यांची यादी काढली, तर तिचं नाव. "मी तुमच्याच हातात देल्लं होतं जी, मॅडम," एवढंच ती म्हणत राहिली. मला आठवत नव्हतं. तेव्हा खरंच नव्हतं. मी तिला वर्गासमोर लबाड म्हटलं आणि वडिलांना बोलावून घेतलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, त्या मी मारल्या.

पुस्तक नंतर सापडलं, असं मी स्वतःला समजावत आले. नंतर? कशाच्या नंतर? — वडील यायच्या आदल्या संध्याकाळी सापडलं ते. फ्रिजवर, मुलाच्या थर्माकोलखाली. "माझ्याकडेच राहिलं गं" — एका वाक्याचं काम होतं. सकाळी स्कूटीवर ते घोकत घोकत मी शाळेत पोचले.

वडील पहिल्या एसटीने आले होते. चपला दाराबाहेर काढून आत आले. मी तोंड उघडायच्या आतच मुलीला म्हणाले, "मॅडम काहून खोटं बोलतीन वं? माफी मांग."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग माफी मागितली.

आणि मी — मी म्हणाले, "ठीक आहे. पुन्हा असं करायचं नाही."

तिचं कार्ड बंद झालं. पुढच्या वर्षी उघडलं, तरी ती आली नाही. दहावीनंतर कुठे गेली, मी विचारलं नाही. कोणत्या तोंडाने विचारणार? पुस्तक मांडणीवर ठेवावं तर आलं कुठून ते सांगावं लागेल. रद्दीत घालावं तर हात धजत नाही. दिवाळीच्या साफसफाईत ते एक कपाट मी कुणाला आवरू देत नाही. नवऱ्याला वाटतं, त्याच्या कपड्यांवरही माझी माया.

मागच्या आठवड्यात निवृत्त झाले. नव्या ग्रंथपालबाईंना चार्ज देताना गहाळ पुस्तकांची यादी वाचून दाखवावी लागते. ताऱ्यांचं पुस्तक आलं, पुढे पल्लवीचं नाव. "ढापलं असेल पोरीने," त्या हसत म्हणाल्या.

मी पुढचं नाव वाचलं. शेवटी खाली सही केली.