मारुतीच्या ओट्याचे मोजमाप

बेसा येथील आमच्या लेआउटमध्ये उद्यानासाठी राखीव असलेल्या भूखंडावर, कडुनिंबाखाली, मारुतीचा ओटा उभा राहिला तेव्हा मी संबंधित कार्यालयास पहिले पत्र लिहिले. उत्तर आले नाही. अकराव्या पत्रानंतर माझ्या ध्यानात आले की संताप हा पुरावा नव्हे. अतिक्रमण इंचाइंचाने वाढते हे सिद्ध करण्यासाठी मी रोज सकाळी टेप घेऊन ओटा मोजू लागलो.

समोरच्या घरातील वृद्ध बाई ओटा झाडत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला अडवले.

"चप्पल काढा न भाऊ."

"हा सार्वजनिक भूखंड आहे."

"मंग काढा न. ओटा काय पळून चालला का?"

मी चपला काढल्या. माझे सर्व हक्क अबाधित ठेवून. पाल्यावर टेप सपाट बसेना, म्हणून पुढे पालाही झाडू लागलो. मग बाईंच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया ठरली. खापरखेड्याला मुलीकडे जाताना त्यांनी तेलाची बाटली माझ्या हाती ठेवली.

"तुम्ही येऊनच राहिले न रोज. दिवा लावत जा."

"बाई, मी या ओट्याविरुद्ध तक्रार केलेली आहे."

"मले मालूम आहे. त्याले बी मालूम आहे. पण एवढ्या सकाळी तुमच्याशिवाय येते कोण?"

घरी पत्नीने बाटली पाहिली. "चाळीस वर्षांत देवघरात एक फूल वाहिलं नाहीत. मारुतीनं काय लाच दिली?"

"तात्पुरती व्यवस्था आहे," मी म्हणालो.

एके दिवशी ओट्यावरून परतल्यावर लक्षात आले की टेप घरीच राहिला होता. मोजमापांच्या वहीत त्या दिवसानंतर एकही नोंद नाही. असे का झाले, हे मला आजही सांगता येत नाही.

अखेर एका सकाळी कार्यालयाचे निरीक्षक आले, तेव्हा मी वात सारत होतो. "रोज तुम्हीच लावता?" त्यांनी विचारले. मी अधिकाऱ्यापुढे खोटे बोलत नाही. "रोज," मी म्हणालो.

पंधरा दिवसांनी नोटीस आली, ती माझ्याच नावे. 'पूजा व देखभाल करणारी व्यक्ती' म्हणून ओटा का हटवू नये, याचा खुलासा सात दिवसांत करावा. सोबत पुरावा म्हणून माझीच अकरा पत्रे जोडलेली!

मी संतापाने लिहायला बसलो. 'सदर ओट्याशी माझा कोणताही संबंध नाही.' एवढे लिहून झाले आणि सहीपाशी हात थांबला. अतिक्रमण ते अतिक्रमणच. त्या मतात तसूभर फरक नाही. मी मारुतीकडे कधी काही मागितले नाही, हात जोडल्याचेही आठवत नाही. परंतु सही केली तर ओटा जाईल, आणि मग सकाळी सहाला मी कुठे जाणार?

"खोटं नसेल तर करा सही," पत्नी म्हणाली.

मी सही केली नाही.

सातव्या दिवशी मी मुदतवाढीचा अर्ज लिहिला. इतरांनी मागितलेल्या मुदतवाढीला मी जन्मभर कडाडून विरोध केला आहे. कारण असे नमूद केले: 'प्रस्तुत विषयात अर्जदाराची स्वतःची भूमिका काय, हे अर्जदारास अद्याप समजलेले नाही.' आवक विभागातील लिपिकाने ते दोनदा वाचले, माझ्याकडे पाहिले आणि शिक्का मारला.

पोच खिशात ठेवून परतताना बाटलीतले तेल संपल्याचे आठवले, आणि मी किराणा दुकानाकडे वळलो. अर्जात या गोष्टीचा उल्लेख नाही.