डावा पाय जरा उशिरा

आमच्या मुंगसाला कंपनीने ठेवून घेतलं आणि आम्हा दोघांना जाऊ दिलं. तक्रार म्हणून सांगत नाही. मुंगूस कंपनीचंच होतं. आम्ही फक्त त्याला चालायला, बोलायला आणि दर भागाच्या शेवटी माडावरून खाली पडायला शिकवलं होतं.

आम्ही म्हणजे मी आणि माझा सहदिग्दर्शक. नवरा-बायको नव्हे, हे आधीच सांगून टाकते, कारण रत्नागिरीत आल्यापासून दर आठवड्याला कोणाला तरी ते सांगावं लागतं. त्याची बायको आहे, चांगली खमकी आहे, आणि मी लग्नाच्या भानगडीत पडले नाही. आम्ही मुंबईत एकाच वर्गात चित्रकला शिकलो, एकाच मोठ्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओत चिकटलो आणि वीसेक वर्षं त्या मुंगसाची मालिका केली. आमच्या हाताखाली शिकलेली पोरं पुढे आमचे साहेब झाली, तरी आम्ही आपले मुंगसाच्या शेपटीशी.

आमची कामाची पद्धत ठरलेली होती. तो चालायचा आणि मी काढायचे. अ‍ॅनिमेशन करणारा माणूस साधारणपणे समोर आरसा ठेवून स्वतःच तोंडं वेडीवाकडी करतो, स्वतःच खोलीभर चालून बघतो आणि मग कागदावर उतरवतो. मला त्याचा कंटाळा. त्याला मूळचं नट व्हायचं होतं, ते राहून गेलं होतं. त्यामुळे पात्र कुठलंही असो, तो टेबलासमोरून चालत जायचा आणि मी एकाखाली एक कागद ठेवून चित्रं काढायचे. मग पाच-सहा कागद बोटांत धरून फडफडवायचे, की चित्र चालायला लागायचं. ते पाहताना आजही मला पोटात बरं वाटतं. इतक्या वर्षांत तेवढं एक टिकलंय.

मुंगसाची चाल हा मालिकेचा जीव होता. डावा पाय पुढे यायचा, जमिनीच्या वर जरासा थांबायचा, टेकू की नको असा विचार करायचा आणि मगच टाच खाली. शाळांच्या स्नेहसंमेलनात मुलं तसं चालून दाखवायची. एका लग्नात नवरदेव तसा चालत मांडवात आला होता. कोणी विचारलं, की ही चाल सुचली कशी, तर आम्ही दोघंही एकमेकांकडे बघायचो. खरंच माहीत नव्हतं.

पुढे कंपनीत सगळं काम संगणकावर गेलं. त्याला माझी हरकत नव्हती, संगणक माझं काही वाकडं करत नव्हता. पण आम्हाला काचेची एक खोली दिली आणि सांगितलं, आता तुम्ही मार्गदर्शन करा. त्या खोलीत मार्गदर्शन घ्यायला कोणी फिरकलं नाही. एसी दुरुस्त करणारा मात्र नेमाने यायचा. शेवटी आम्हीच राजीनामे दिले. शाल, श्रीफळ आणि हातभर उंचीचं फायबरचं मुंगूस देऊन आमची बोळवण झाली. जाताना एका कागदावर सह्या केल्या, की मुंगसाचं रूप, आवाज आणि चाल यावर आमचा हक्क नाही. सही करताना हा म्हणाला, "मिशापण ठेवा, आम्हाला नकोत." सगळे हसले. मीही हसले.

रत्नागिरीला माझं घर होतं, आणि त्याचं गाव दापोलीकडे बुरोंडी. नाचणे रस्त्याच्या आत एका बंद पडलेल्या काजूच्या कारखान्याचा वरचा मजला स्वस्तात मिळाला. भिंतींना अजून काजूच्या तेलाचा वास येतो, दमट दिवसांत जास्तच. खाली जांभ्याचं अंगण आणि तिथून रस्त्यापर्यंत पाखाडी, म्हणजे जांभ्याच्याच पायऱ्यांची उतरती वाट. मागच्या दोन खोल्यांत तो आणि त्याची बायको राहायला आले. दुपारचं जेवण तिच्याकडेच. मुंबईत कधी मिळालं नाही असं ताजं म्हावरं, आणि वर बोलणीही तितकीच ताजी.

नवं काम बंगळूरच्या एका निर्मातीचं होतं. गोष्ट आमची. एका म्हातारीची म्हैस हरवते आणि म्हातारी तिला शोधत तालुकाभर फिरते. घरातले पुरुष मुंबईला, त्यामुळे शोधायला दुसरं कोणी नाही. दीड तासाच्या सिनेमात म्हातारी जवळजवळ पूर्ण वेळ चालतेच आहे. निर्माती म्हणाली, गोष्ट आवडली, पण मला म्हातारी चालताना बघू दे. गणपती झाले की ती येणार होती. चाल पटली तर सिनेमा, नाही पटली तर चहा पिऊन ती परत, आणि आम्ही पुन्हा मार्गदर्शन करायला मोकळे.

आम्ही नेहमीसारखी सुरुवात केली. तो कमरेत वाकून अंगणात चालला. डोक्यावर बायकोचा टॉवेल पदरासारखा घेतला होता, शेजारच्या घरातल्या बायका खिडकीत आल्या. मी वर गॅलरीत बसून काढलं. म्हातारी छान उतरली होती. हाडं दिसत होती, राग दिसत होता. मी कागद बोटांत धरून फडफडवले आणि माझा हात तिथेच थांबला.

"काय झालं?" त्याने खालून विचारलं.

"वर ये."

त्याने फडफडवून बघितलं. पुन्हा बघितलं. म्हणाला, "हे मुंगूस आहे."

लुगडं नेसलेलं मुंगूस होतं ते. मी म्हटलं, हाताला सवय लागलीय, दुसरी काढते. दुसरी काढली. तेच. म्हातारीला जाड केली, काठी दिली, पायात चपला दिल्या. मुंगूस काठी घेऊन चालायला लागलं. आम्ही दोघंही वैतागलो. तो म्हणाला, तुझा हात गंजलाय. मी म्हटलं, तू नीट चालत नाहीयेस. असले वाद आम्ही वीस वर्षं घालत आलो, त्यामुळे कोणी मनावर घेतलं नाही. पण दिवस सरत होते आणि म्हातारी काही जन्माला येत नव्हती.

एका सकाळी तो दूध आणायला गेला होता. मी गॅलरीत पेन्सिलींना टोक करत होते आणि सहज खाली बघितलं. पाखाडी चढून तो वर येत होता. हातात दुधाची पिशवी, लक्ष भलतीकडेच. डावा पाय पायरीवर आला, वरच जरासा थांबला आणि मग टाच टेकली. पुढची पायरी. पुन्हा डावा पाय, पुन्हा तो थांबा. कोणाला दाखवण्यासाठी तो चालत नव्हता, नुसता घरी येत होता. आणि मला पाखाडीवरून आमचं मुंगूस येताना दिसलं.

लहानपणी बुरोंडीला होडी किनाऱ्यावर ओढून घेताना ती घसरून त्याच्या गुडघ्यावर आली होती. हे मला माहीत होतं. पण तो लंगडतो असं कोणी म्हटलं नसतं, इतकं ते थोडं होतं. रोज बघणाऱ्याला तर ते दिसायचंच बंद होतं. माझ्या डोळ्यांना दिसत नव्हतं. हात मात्र इमानदारीने काढत होता. मुंगसाच्या आधी आम्ही केलेलं अस्वल, एका जाहिरातीतला पोस्टमन, सगळे त्याच गुडघ्यावर चालले असणार.

मी त्याला सांगितलं. तो आधी हसला. "म्हणजे मी मुंगसासारखा चालतो?"

"नाही रे. ते तुझ्यासारखं."

मग त्याने दुधाची पिशवी ओट्यावर ठेवली आणि खुर्चीत बसून आपल्या पायाकडे बघत राहिला. म्हणाला, "आणि ते मी सही करून देऊन आलो."

कायद्याच्या दृष्टीने बघितलं तर आता त्याने दूध आणायला जायचं तरी कंपनीला विचारायला हवं होतं, असं मी म्हणाले. एरवी तो यावर खदखदून हसला असता. त्या दिवशी तो जेवायलाही आला नाही. मला वाईट वाटलं. विनोदाची वेळ चुकली होती.

त्याची बायको मला म्हणाली, "ताई, तुमी तरी सांगा ओ ह्यांना. गुडघ्याचं आपरेशन करून घ्या, डाक्टर कधीपासून बोलतोय. मी बोलले की ह्यांच्या कानात जात नाय. रात्री पाय धरून बसतात नि बोलतात, काय नाय, काय नाय."

हे मला नवीन होतं. मी त्याला विचारलं, दुखतो तर ऑपरेशन का टाळतोस? तो म्हणाला, "मग चालणार कोण?" त्याला पात्रांसाठी चालायचं म्हणायचं होतं. आता तर तेही कारण उरलं नव्हतं. त्याच्या चालीचा सिनेमाला उपयोग नव्हता, उलट अडचणच होती. हे त्याला समजलं होतं आणि मी ते बोलून दाखवलं नाही.

म्हातारीसाठी मग त्याची बायको चालली. आधी तिने आम्हाला वेड्यात काढलं. "चालायचं काय बघायचं? दोन पाय हायत, जातंय माणूस." पण बाजाराची पिशवी हातात दिली आणि मासे संपत आलेत असं खोटंच सांगितलं, तेव्हा जी काय तरातरा निघाली, ती मी चार कागदांत पकडली. मान पुढे, पाय मागून पळत येतायत. फडफडवल्यावर म्हातारी उठून उभी राहिली. त्याने ते बघितलं, मान हलवली आणि म्हणाला, "ही म्हैस शोधून आणेल." निर्माती आली, तिने तीनदा बघितलं, सुरमई खाल्ली आणि हो म्हणून गेली.

दिवाळीनंतर त्याने ऑपरेशन करून घेतलं. पुढे काही आठवडे व्यायामासाठी मी त्याला रिक्षाने दवाखान्यात नेत असे. तिथे बाहेरच्या बाकांसमोर भिंतीवर टीव्ही होता, आणि एक आजोबा आपल्या नातीसाठी कार्टून लावायला सांगायचे. एके दिवशी आमच्या मुंगसाचा नवा भाग लागला. रंग झकास होते. अंगावरचा केस न् केस वेगळा हलत होता. मुंगूस माडाखालून चालत आलं, डावा पाय, उजवा पाय, डावा पाय, अगदी तोलून मापून, कुठेही न थांबता.

नव्या मंडळींनी ती चाल दुरुस्त केली होती. त्यांना ती चूक वाटली असणार. त्यांच्या जागी मी असते तर कदाचित मलाही वाटली असती, कारण ती होतीच मुळात एका दुखऱ्या गुडघ्याची. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं. तो बाकावर पाय लांब करून बसला होता. भाग शेवटपर्यंत बघितला. मग म्हणाला, "याचंही ऑपरेशन झालं वाटतं."

आम्ही दोघं इतके हसलो, की आजोबांनी नातीला आपल्या दुसऱ्या बाजूला बसवलं.

सिनेमाच्या शेवटी म्हैस सापडते. खाडीच्या पलीकडे चरत असते, म्हातारी हाक मारते आणि म्हैस तिच्याकडे चालत येते. एवढाच प्रसंग. म्हैस कशी येईल ते मी कोणाला विचारलं नाही. पुढचा डावा पाय उचलायचा, जरासा वर ठेवायचा, मग टेकवायचा. कंपनीने ती चाल टाकून दिली होती, आणि चार पायांच्या जनावरात ती कोण ओळखणार होतं? पण काढायला बसले आणि अडले. तो थांबा किती लांब असायचा? कमी केला तर म्हैस साधीच चालायची, वाढवला तर लंगडायची. इतकी वर्षं मी तो मोजला नव्हता, कारण समोर तो चालतच असायचा.

शेवटी मी कागद त्याच्यापुढे ठेवले. त्याने फडफडवले आणि लगेच ओळखलं. चेहरा काही दाखवत नव्हता. "लवकर टेकतोय," तो म्हणाला. "थांब, दाखवतो."

तो खाली गेला. पाखाडीच्या पहिल्या पायरीवर उभा राहिला आणि वर चढायला लागला. मी पेन्सिल धरून बसले. डावा पाय आला आणि सरळ टेकला. तो परत खाली गेला, पुन्हा आला. या वेळी मुद्दाम थांबवला, तर कोणी तरी नक्कल करतंय असं दिसलं. पुन्हा गेला. चौथ्या-पाचव्या खेपेला घरातून त्याची बायको ओरडली, "सरळ चाला ओ, डाक्टरने सांगितलंय ना!"

तो वर आला, माझ्या समोर बसला. गुडघ्यावर हात होता. दुखत नव्हता, हे मला त्याच्या तोंडावरून कळत होतं.

"गेली गो," तो म्हणाला. "आता तुझ्या हातात असेल तेवढीच."

मी नवा कागद घेतला. तो उठून गेला नाही, मी काढत होते तिकडे बघत बसला.