मोतद्दाराचे हात

आमचे हे रेसच्या तबेल्यात मोतद्दार, घोड्यांची देखभाल करणारे. तीस वर्षं घोड्यांच्या पायाशी गेली. बायकोकडे बघायला सवड कुठली! रोज सकाळी घोड्याच्या पायाची पट्टी सोडायची, उघड्या पायावरून हात फिरवायचा. जराशी ऊब लागली तर त्या दिवशी घोडा पळवायचा नाही. यांनी "गार आहे" म्हटलं की ट्रेनर पुन्हा हात लावत नसे.

आणि त्याच हातांनी दगा दिला. शुगरनं बोटं बधिर झाली. मला कळलं ते यांनी तापलेला तवा बिनफडक्याचा उचलला तेव्हा. मी ओरडले, तर म्हणाले, "गप्प बस, नोकरी जाईल." बसले मेली गप्प!

पुढच्याच महिन्यात यांची लाडकी घोडी सरावात लंगडली. पुढच्या डाव्या पायाची कंडरा, स्नायू हाडाला बांधणारी दोरीच, फाटली होती. त्या सकाळीही हे "गार आहे" म्हणाले होते.

घोड्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या छातीच्या हाडातला मगज काढला, त्यातल्या मूळ पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या आणि तीन आठवड्यांनी सुईनं फाटल्या जागी सोडल्या. म्हणाल्या, "मामा, आता सगळं तुमच्या हातात. दोनचार दिवस ऊब राहील. त्यानंतर पाय तापला तर लगेच कळवा. पुन्हा फाटलं तर मालक तिला ठेवणार नाहीत." यांनी मान डोलावली.

दहाव्या दिवशी मी डबा घेऊन तबेल्यात गेले, तर हे घोडीच्या पायाला गाल लावून बसलेले. एक लाथ बसली असती तर!

"अहो, वेड लागलंय का?"

"गालालाही कळेना गं. भीतीनं माझंच अंग तापलंय. तू लाव हात."

मी? लग्न झाल्यापासून घोड्यापासून चार हात लांब राहणारी बाई मी! यांनी घोडीचं तोंड धरलं. मी वाकले. आधी उजव्या पायाला हात लावला, मग डाव्याला. डावा चांगलाच तापला होता.

"गार आहे" अगदी जिभेवर आलं होतं, तुमच्याशी खोटं कशाला बोलू? बाईंना बोलवावं लागलं नसतं, कुणी काही विचारलं नसतं, नोकरी वाचली असती. पण घोडी तो पाय पुन्हा पुन्हा उचलत होती.

"गरम आहे," मी म्हटलं.

यांनी फोन लावला. "बाई, पाय तापलाय, लगेच या." पलीकडून बाईंनी काहीतरी विचारलं. यांनी भिंतीला हात टेकला.

"मी नाही, बायकोनं पाहिलं. माझ्या बोटांना काही कळत नाही. घोडी लंगडली, त्या दिवशीही कळलं नव्हतं."