सोआवे आणि सुरमई

"तिखट घालू नकोस हं, वाइनची चव मरते," काका स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाले. मस्कतला आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकू "बरं" म्हणाल्या. त्या सगळ्यालाच "बरं" म्हणायच्या, कधी लांबवून, कधी तुटक. आजचं तुटक होतं.

काकांचे साहेब आज आमच्याबरोबरच त्यांच्याकडे जेवायला आले होते. त्यांच्यासाठी काकांनी सोआवे नावाची इटालियन पांढरी वाइन आणली होती. तिच्यासोबत म्हणे मासा सौम्यच हवा, नुसतं लिंबू आणि मीठ. म्हणून काकूंची सुरमई पांढरीफटक होऊन ताटात आली. साहेबांनी "नाइस" म्हणत तुकडा बाजूला सारला. काकू हसल्या आणि आत गेल्या.

मी पाणी आणायला गेले, तर त्या ओट्याशी उभ्या होत्या. स्टीलच्या पेल्यात बर्फ घातलेली तीच वाइन आणि पुढ्यात सुरमईचं लालभडक कालवण.

"हिच्याबरोबर हेच छान लागतं गं. बाहेर बोलू नकोस."

हे गुपित होतं की गाऱ्हाणं, मला कळेना. मी टेबलाशी परतले.

"काय गं, कशी झालीय सुरमई?" काकांनी विचारलं.

काकू दारात येऊन माझ्याकडे बघत होत्या. नको म्हणत होत्या की सांग म्हणत होत्या, तेही कळेना.

"काका," मी म्हणाले, "मला आतलं लाल कालवण हवंय."